मेन्यूकार्डमध्ये दडलंय काय?

हॉटेलात ऑर्डर आपण देतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर अर्धी ऑर्डर मेन्यूकार्डनं आधीच ठरवलेली असते! मग हेच कार्ड आपल्या तब्येतीच्या बाजूनं बोलायला लागलं तर?

आमच्या घरी रविवारची संध्याकाळ म्हणजे हॉटेल, हा वर्षानुवर्षांचा नियम. बाबांनी नोकरीत कायम घरचा डबा नेला, पण रविवारी आईला स्वयंपाकघरातून सुट्टी म्हणजे सुट्टी. कोथरूडमधलं ठरलेलं हॉटेल, ठरलेलं टेबल आणि ऑर्डरसुद्धा ठरलेली. पनीर बटर मसाला, बटर नान, मग दाल-जिरा राइस आणि शेवटी कसाटा. वेटर आम्हाला कार्ड द्यायचा ते फक्त रीत म्हणून.

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. शुगर तर आधीपासूनच होती. चार महिने त्यांनी कुरकुर न करता पथ्य पाळलं. मग साठाव्या वाढदिवसाला मीच हट्ट धरला, आज बाहेर जायचंच!

हॉटेलनं नवं मेन्यूकार्ड छापलं होतं. चकाचक, सोळा पानी. शेवटच्या पानाला हिरवी बॉर्डर आणि वर ठळक अक्षरांत ‘हेल्दी कॉर्नर’. खाली मोजून पाच पदार्थ. बॉइल्ड व्हेजिटेबल्स, बिनतेलाची डाएट खिचडी, बिनसाखरेचं कस्टर्ड वगैरे. मी मोठ्या उत्साहानं ते पान बाबांसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावला, पाचही नावं वाचली आणि कार्ड मिटून ठेवलं.

‘‘चार महिने घरी पेशंटच आहे मी. इथंही पेशंटच व्हायचं असेल तर घरीच जेवू या की,’’ ते म्हणाले. आणि वेटरला हाक मारून पनीर बटर मसाला आणि बटर नान सांगून मोकळे झाले.

आई गप्प. मी गप्प. त्या दिवशी कसाटा कुणीच मागवला नाही. आणि पुढचे पाच महिने रविवारचं हॉटेलही बंद झालं.

आधी मला बाबांचा जाम राग आला. पण नंतर डोक्यात किडा वळवळायला लागला. चूक बाबांची की त्या हिरव्या पानाची? मास कॉमला असताना लेआउटच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं, वाचकाचा डोळा कुठे थांबतो ते आधी बघा. मग मेन्यूकार्ड तरी वेगळं काय? तेही एक लेआउटच. म्हटलं, चला, यावर स्टोरी करू या!

आकडे वाचले, पिझ्झा मागवला

सुरुवात केली हिंजवडीत, मैत्रिणीच्या टीम लंचपासून. एका मोठ्या चेनच्या हॉटेलात मेन्यूबोर्डवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरीज लिहिलेल्या होत्या. हा काही त्या हॉटेलचा मोठेपणा नव्हे. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, अशा हॉटेलांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. त्याची अंमलबजावणी २०२२ मध्ये सुरू झाली. सर्वसाधारण सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात, ही ओळही त्यासोबत द्यावी लागते.

न्यूयॉर्क शहरानं हा प्रकार २००८ मध्येच सुरू केला होता. मे २०१८ पासून तो अख्ख्या अमेरिकेतल्या मोठ्या चेन्सना लागू झाला आणि एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या हॉटेलांनाही.

आता आमच्या टेबलवर काय झालं ते ऐका. सगळ्यांनी आकडे वाचले. ‘बाप रे!’ असं म्हणून झालं. एकानं मोबाइलवर बेरीजसुद्धा केली. आणि मग सगळ्यांनी जे नेहमी मागवतात तेच मागवलं. वर चीज एक्स्ट्रा!

ही फक्त आमची कथा नाही. जगभरातले प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं जानेवारी २०२५ मध्ये कॅलरी-लेबलांचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष काय, तर कॅलरीज लिहिल्या की लोक थोडं कमी घेतात, पण किती थोडं? ६०० कॅलरीच्या जेवणामागे सुमारे ११ कॅलरी. म्हणजे दोन बदाम!

अर्थात, लाखो लोक रोज दोन-दोन बदाम कमी खायला लागले तर तेही काही कमी नाही. शिवाय आपण काय खातोय हे कळणं हा आपला हक्कच आहे. पण बाबांच्या ताटातलं पनीर बटर मसाला काही आकड्यानं हलणार नव्हतं, हे नक्की.

‘हेल्दी’ म्हटलं की तोंड वाकडं

मग हलणार कशानं? याचा पहिला धागा मिळाला तो चक्क मँगो लस्सीत.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक राज रघुनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना मँगो लस्सी दिली होती. काहींना सांगितलं की ही तब्येतीला चांगली असते, काहींना सांगितलं की चांगली नसते. लस्सी तीच. पण ‘चांगली नसते’ हे ऐकून प्यायलेल्यांना ती जास्त चविष्ट लागली! थोडक्यात काय, तर आपल्या डोक्यात एक समीकरण घट्ट बसलंय. पौष्टिक म्हणजे बेचव. तुम्ही पदार्थावर ‘हेल्दी’चा शिक्का मारा, अर्धी चव तिथंच उडाली म्हणून समजा.

आता याची उलटी बाजू. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅफेटेरियात संशोधकांनी रोजच्या भाज्यांना वेगवेगळी नावं देऊन बघितलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटाची भाजी कधी नुसती ‘बीट्स’ म्हणून ठेवली. कधी ‘साखर न घातलेले हलके बीट्स’, कधी ‘भरपूर अँटिऑक्सिडंट्सवाले बीट्स’, आणि कधी ‘डायनामाइट चिली अँड टँगी लाइम बीट्स’ अशा झणझणीत नावानं. भाजी तीच, फोडणी तीच, भांडंही तेच. झणझणीत नावाच्या दिवशी ती भाजी घेणारे साध्या नावापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि ‘हे नाही, ते नाही’ सांगणाऱ्या पथ्याच्या नावापेक्षा तर ४१ टक्क्यांनी जास्त.

पण थांबा. नुसत्या नावानं भागत नाही. याच मंडळींनी पुढे अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत हा प्रयोग केला, तेव्हा दिसलं की जिथे भाजी मुळात चवीला चांगली होती, तिथेच नावाची जादू चालली. बेचव भाजीला कितीही नटवा, गिऱ्हाईक एकदाच फसतं.

आणि लगेच मला ती ‘बिनतेलाची डाएट खिचडी’ आठवली. अहो, तुपाची धार सोडलेली मुगाची खिचडी म्हटली की आपल्या तोंडाला पाणी सुटतं. तिचं नाव बदलून तिला दवाखान्यात नेऊन बसवलं कुणी?

पहिलं, शेवटचं आणि मधलं

दुसरा धागा जागेचा. तेल अवीवच्या एका कॅफेत संशोधकांनी मेन्यूतल्या पदार्थांचा फक्त क्रम बदलला. भाव नाही, कृती नाही, नुसता क्रम. हा अभ्यास २०११ चा. प्रत्येक विभागात यादीच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असलेले पदार्थ मधल्या जागेपेक्षा जास्त खपले, काही तर जवळजवळ दुप्पट!

घरी आल्यावर मी आमच्या हॉटेलच्या कार्डाचा फोटो काढून बघितला. ‘मेन कोर्स’मध्ये पहिलं नाव पनीर बटर मसाला, शेवटचं मलई कोफ्ता. मिक्स व्हेज तव्वा आणि पालकाची भाजी अशी मध्ये दबलेली, जशी लोकलमध्ये तिसऱ्या सीटवरची माणसं.

आणि तो ‘हेल्दी कॉर्नर’? त्याचीही गंमत आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना दोन मेन्यू दाखवले. एकात नुसते फ्रेंच फ्राइजसारखे पदार्थ, दुसऱ्यात त्याच पदार्थांच्या जोडीला सॅलड. सॅलड आल्यावर फ्राइज निवडणारे कमी व्हायला हवेत की नाही? उलट वाढले! आणि तेही एरवी स्वतःवर चांगला ताबा असलेल्या लोकांमध्ये. मेन्यूत सॅलड दिसलं, ‘आपण ते घेऊ शकलो असतो’ एवढ्यावरच मन खूश. पुण्य नुसत्या दर्शनानं पदरात, आता फ्राइज आण रे!

म्हणजे हिरव्या बॉर्डरचं वेगळं पान बाबांना तर दुखावत होतंच, पण बाकीच्यांनाही त्याचा उपयोग शून्य.

‘रोटी बटर लगाके?’

तिसरा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न मागता काय येतं?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डनं २००६ पासून मुलांच्या जेवणात एक साधा बदल केला. फ्राइज आणि कोलाऐवजी फळं-भाज्या आणि कमी फॅटचं दूध, ज्यूस किंवा पाणी हे आपोआप यायचं. फ्राइज हवेत? मिळतील, पण मागावे लागतील. बंदी कशावरच नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जवळपास निम्म्या वेळा फळं-भाज्या तशाच राहिल्या, आणि पेयांच्या बाबतीत तर सुमारे दोन-तृतीयांश वेळा. तेही सुट्टीवर, थीम पार्कमध्ये, हट्टी पोरं सोबत असताना!

आता आपल्याकडे या. वेटर विचारतो, ‘‘रोटी बटर लगाके?’’ आपली मान आपोआप हलते. दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम बटर धरलं तरी सत्तरेक कॅलरी झाल्या, आणि रोटी कोण एकच खातं? पावभाजीवर लोण्याचा गोळा न मागता येतो. कॉम्बोबरोबर कोल्ड्रिंक न मागता येतं, ३०० मिलीलिटरच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर घेऊन. आपण हे निवडलेलं नसतं. आपण फक्त ‘नको’ म्हणालेलो नसतो.

आणि हा काही फक्त पेशंट लोकांचा प्रश्न नाही, बरं का. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मी ही स्टोरी करता करता स्वतःची टेस्ट केली. मीही उंबरठ्यावरच निघाले. वय वर्षं अठ्ठावीस! रोज रात्री डेडलाइन आणि ॲपवरून मागवलेली बिर्याणी, दुसरं काय होणार?

अण्णांचा हिशेब

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी गेले आमच्या हॉटेलच्या मालकांकडे. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दुपारी तीनला, गल्ल्यावर गर्दी नसताना. त्यांनी माझं लेक्चर शांतपणे ऐकलं आणि कॉफी मागवली.

‘‘तुझं सगळं बरोबर आहे गं,’’ अण्णा म्हणाले, ‘‘पण माझं भाडं पनीर बटर मसाला भरतं.’’

मग त्यांनी मला किचनमध्ये नेलं आणि माझे डोळे उघडले. हॉटेलातल्या पंजाबी भाज्या ऑर्डर आल्यावर सुरुवातीपासून होत नाहीत. लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या सकाळीच तयार होतात, तेल, काजू, क्रीम सगळं घालूनच. म्हणून ‘तेल कमी टाका’ असं आपण कितीही बजावलं तरी ते तेल सकाळीच पडलेलं असतं! डाळीचा तडका, तव्व्यावरची भाजी, उसळ यांना मात्र फोडणी ऑर्डर आल्यावर बसते. तिथं आपलं म्हणणं चालतं.

आणि भाकरी का नाही ठेवत? ‘‘नानचं पीठ मळलेलं असतं, कुणीही पोरगा तंदूरला लावतो. भाकरीला थापणारी बाई लागते, आणि ती गरमच वाढावी लागते. रोज दहा भाकऱ्या खपल्या तर पगार कसा सुटणार?’’

मुद्दा बिनतोड होता. तब्येतीचा मेन्यू मालकाच्या खिशावर उठला तर तो आठवडाभरही टिकणार नाही. म्हणून आम्ही ठरवलं, काढायचं काहीच नाही. पनीर बटर मसाला राहील, बटर नान राहील. फक्त जागा, नाव आणि वेटरचा प्रश्न बदलायचा. खर्च किती? नवीन कार्डाच्या छपाईचा.

‘हेल्दी कॉर्नर’चं पान गेलं. मुगाची खिचडी भाताच्या विभागात पहिल्या नंबरवर आली, ‘लसणाच्या फोडणीची मूग खिचडी, सोबत भाजलेला पापड’ या नावानं. मटकीची उसळ मेन कोर्समध्ये सगळ्यात वर, ‘मोड आलेल्या मटकीचा झणझणीत रस्सा’. पनीर बटर मसाला यादीच्या मध्यात. शेवटच्या जागी मिक्स व्हेज तव्वा. पेयांमध्ये आलं-जिऱ्याचा मठ्ठा पहिला. आणि वेटरनं ‘बटर लगाके?’ विचारायचं नाही, रोटी साधीच आणायची. हवं असेल तो मागेल.

भाकरीवरून आमचं भांडणच झालं. अण्णांना ‘चुलीवरची भाकरी’ लिहायचं होतं. मी म्हटलं, अण्णा, मागं गॅसची शेगडी आहे! शेवटी ‘तव्यावरून थेट ताटात, ज्वारीची भाकरी’ यावर तह झाला. ती फक्त शनिवार-रविवार संध्याकाळी. थापायला एक ताई दोन दिवस येणार.

सगळंच जमलं असं अजिबात नाही. ‘शाही दुधी दरबारी’ सपशेल आपटली. नाव शाही, पण चव दुधीचीच! स्टॅनफर्डवाल्यांनी सांगितलं होतंच की. एक जुना वेटर महिनाभर सवयीनं ‘बटर लगाके?’ विचारत राहिला. एका काकांनी तर ‘रोटी कोरडी का?’ म्हणून अण्णांना बोलावून झापलं. पण सहा आठवड्यांनी अण्णांचा फोन आला, ‘‘ताईला शुक्रवारीपण बोलावलंय.’’ मला एवढा रिपोर्ट पुरेसा होता.

पुन्हा रविवार

त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, ‘‘अण्णा आठवण काढत होते तुमची. नुसतं भेटून येऊ.’’ आले. कार्ड उघडलं. मी मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घातलं. माझी छाती धडधडत होती, खरंच!

बाबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग वेटरला म्हणाले, ‘‘तो मटकीचा रस्सा आण. खरंच झणझणीत आहे ना? आणि भाकरी गरम पाहिजे हं.’’

आईनं टेबलाखालून माझा हात दाबला.

जेवण झाल्यावर मी सगळं कबूल केलं. स्टॅनफर्ड, तेल अवीव, अण्णांशी केलेली मिलीभगत, सगळं. मला वाटलं चिडतील. ते हसले आणि म्हणाले, ‘‘पान बदललं ते आल्या आल्याच कळलं मला. साठ वर्षांचा आहे, साठ दिवसांचा नाही. पण या वेळी मला काय झालंय, ते कार्डावर छापलेलं नव्हतं.’’

शेवटी एक कसाटा मागवला. तिघांत एक. बाबांचे दोन चमचे, आईनं मोजून दिलेले!

बॉक्स : कार्ड हातात आलं की...

• यादीच्या मध्यातले पदार्थ मुद्दाम वाचा. पहिलं आणि शेवटचं नाव तुम्हाला आपोआप दिसणारच आहे.

• ऑर्डरवर फोडणी बसणारे पदार्थ निवडा. दाल तडका, उसळ, तव्वा भाजी. ‘तेल-मीठ बेतानं’ ही विनंती इथंच लागू पडते.

• रोटी साधी, कोल्ड्रिंक नको, सॉस वेगळा. हे सगळं ऑर्डर देतानाच सांगा. समोर आल्यावर परत कुणी पाठवत नाही!

• ‘मल्टिग्रेन’, ‘बेक्ड’, ‘आटा’ हे शब्द बघून हुरळू नका. भाकरी पौष्टिक म्हणून चार खाल्ल्या तर हिशेब तिथंच येतो.

• मिठाकडेही लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. पापड, लोणचं, सूप आणि चायनीज सॉसेस मिळून तो एका जेवणात संपू शकतो.

• सोबत पथ्यवालं कुणी असेल तर त्यांच्यासमोर वेगळं पान धरू नका. सगळ्यांनी मिळून एक चांगली डिश मागवा आणि तुम्हीही तीच खा. काय म्हणता, या रविवारी ट्राय करणार ना?